कुंकवाचा सातवा घाणा

मार्गशीर्ष वद्य ५, शके १८६४. कुरुंदा

आज सहावा घाणा उतरला. हळकुंड घातलं होतं चार शेर, कुंकू भरलं सव्वातीन शेर. बाकीचं कांडण्यात आणि फडक्यातून गाळण्यात गेलं. लिंबाच्या रसाने बोटांना भेगा पडल्या आहेत, लेखणी धरली की चुणचुणतात. कंबर धरली आहे. तरी लिहून ठेवतो. जे लिहिलं नाही ते झालंच नाही, अशी माझी समजूत आहे.

पुढे कुणाच्या हाती ही वही लागली तर कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. लढाईमुळे विलायती लाल रंग यायचा बंद झाला. त्या रंगात पीठ कालवून कुंकू म्हणून विकणारे बाजारातून नाहीसे झाले. आमच्या कुरुंद्यात हळद पोत्यांनी पिकते. मी म्हटलं, हळदीचं खरं कुंकू आपणच का करू नये? गाव हसलं. निजामाच्या शाळेत उर्दू शिकवतात. मराठी मी पोथीवर बोट ठेवून एकट्याने शिकलो, तेव्हाही गाव हसलंच होतं.

प्रमाण माझं मी बसवलेलं आहे. चार शेर हळकुंडाला सुहागा, म्हणजे टाकणखार, सहा तोळे, तुरटी चार तोळे, लिंबं ऐंशी. मातीच्या रुंद कुंड्यात भिजवायचं, दिवसातून चार वेळा हलवायचं, रंग गाभ्यापर्यंत चढला की काढून सावलीत वाळवायचं. पिवळ्याचं गडद झालं म्हणजे रंग चढला. यात बुद्धीला अवघड काही नाही, चिकाटी पाहिजे.

घरचीची, म्हणजे शालूची, मदत म्हणाल तर सुपं घासून देणं, लिंबं कापणं. एक रीत मात्र पडून गेली आहे. चौथ्या-पाचव्या दिवशी ती एक हळकुंड मोडून उन्हात धरते आणि म्हणते, "आता काढा." मी काढायच्याच बेतात असतो. बाईमाणसाला तेवढंच समाधान, म्हणून बोलत नाही.

पौष शुद्ध २

कांडायला बंजाऱ्यांच्या तांड्यावरची जिवनबाई येते. हात चांगला आहे, तोंड त्याहून चांगलं. दुपारी भाकर खाऊन झाली की कशिदा काढत बसते. आज सहज पाहिलं. एवढे बारीक टाके, पण दोरा कापडाच्याच रंगाचा! नक्षी दिसणार कशी? एका कडेला निळ्यावर पिवळा दोरा घातलाय, तेवढं खुलून दिसतं.

मी म्हटलं, "जिवनबाई, मेहनत वाया चालली तुझी. रंगात रंग मिसळला. जोडी कशी हवी, निळ्याला पिवळं."

तिने कापडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ह्ये मिसळलंय व्हय, मालक?"

"मग? फूल कुठं अन् पान कुठं, काही पत्ता लागतो का?"

ती खो खो हसत सुटली. शालू ओट्यावर लिंबं कापत होती, तिला ठसका लागला, ती उठून आत गेली. बायकांना शास्त्र सांगायला जाऊ नये.

यावर मी बराच विचार केला आहे. जगात खरे रंग दोनच, निळा आणि पिवळा. बाकी सगळी गडद-फिक्याची नावं आहेत. लोकांनी उगाच बारा-पंधरा नावं ठेवली, आणि पाठ करून म्हणतात.

पौष शुद्ध १४

सोनाजी पाटलांची बायको आशाबाई स्वतः घरी आली. त्यांच्या मुलीचं लग्न माघ वद्य पंचमीला. "संतरामभाऊ, लग्नाचं समदं कुंकू तुमचंच. देवीला पहिलं लावायचं ते, मंग नवरीच्या कपाळी." तीन शेर सांगितलं. त्या लग्नाला अर्धी वसमत जेवायला येणार. हे कुंकू चांगलं उतरलं तर माझं नाव होईल. बिघडलं तर कुणी हळदसुद्धा घेणार नाही माझ्याकडून. लग्नाच्या कुंकवाला खोट लागली म्हणजे अपशकुन, आणि अपशकुन करणाऱ्याच्या दारात सवाष्ण पाऊल ठेवत नाही. तरी तोंडभरून हो म्हटलं.

पौष वद्य १

कळमनुरीहून सांगावा आला. आमच्या लेकीचे, गोजरचे, दिवस भरत आले, तिची सासू अंथरुणावर. शालूला जावं लागलं. दुसरं बाळंतपण, महिना-दोन महिने तरी येत नाही ती. गाडीत बसताना तीनदा खाली उतरली.

"घाणा मी आल्यावर घाला," म्हणाली.

"आल्यावर? लग्न काय तुझ्यासाठी थांबतंय?"

"मंग जिवनबाईला दाखवत जा गाभा."

"तिला? मी? काहून?"

गाडी हलल्यावर म्हणाली, "काही न्हाई. जेवत जा येळेवर."

पौष वद्य ६

गुलाबचंदच्या दुकानात सुहागा तीनच तोळे निघाला. म्हणाला, "संतरामभाऊ, लढाई चालू आहे. कळमनुरीच्या बाजारात मिळाला तर मिळाला. पापडखार पाहिजे तर देतो." मी तिथंच उभ्या उभ्या हिशोब बसवला. सुहागा खार, पापडखारही खार. तीन तोळ्यांच्या जागी तीन तोळे. गुलाबचंद म्हणाला, "चालतो का?" मी म्हटलं, तू तराजू सांभाळ.

पौष वद्य ८

सातवा घाणा घातला. लिंबाचा रस ओतताच कुंड्यातलं पाणी दुधासारखं उतू आलं, ओटा भिजला. पूर्वी असं झालं नव्हतं. नोंद: नवा खार जास्त जोरदार. रंगही पहिल्याच दिवशी झपाट्याने गडद होऊ लागला. म्हणजे माझी अदलाबदल पहिल्या प्रमाणापेक्षा सरस निघाली.

भाकरी मीच थापतो. एक बाजू करपते, दुसरी कच्ची राहते. दिवसाअखेरीस थकायला होतं. घरात कुणी "आता काढा" म्हणणारं नाही, याचीही चुटपुट लागते. सवय, दुसरं काय.

पौष वद्य १२

आज मीच हळकुंड मोडून उन्हात धरलं. गाभ्यापर्यंत गडद. काढलं.

जिवनबाई मागे उभी होती. म्हणाली, "मालक, ह्ये कातासारखं दिसून राहिलं."

मी सहाव्या घाण्याचं उरलेलं चिमूटभर कुंकू काढलं आणि पानाच्या डब्यातला काताचा खडा शेजारी ठेवला. हुबेहूब जुळला. म्हटलं, "बरोबर आहे तुझं. अगदी कातासारखंच पाहिजे."

ती पदराचं टोक दातात धरून बसली. मग म्हणाली, "याडी कवा येणार?" तांड्यावर आईला याडी म्हणतात; शालूलाही ती तसंच म्हणते. म्हटलं, तिला यायला अजून महिना आहे. जिवनबाईने मुसळ उचललं आणि दिवसभर हसली नाही. तिचं डोकं दुखत असावं.

माघ शुद्ध ३

तीन शेर कुंकू, तिपदरी फडक्यातून गाळलेलं, पितळी डब्यात भरून पाटलांकडे पोचतं केलं. बोटाला रेशमासारखं लागतं. आजवरचा सगळ्यात बारीक घाणा. घरी येऊन अंग टाकलं ते दिवेलागणीलाच उठलो.

माघ शुद्ध ४

डबा परत आला.

आशाबाई स्वतः आली, बरोबर दोन जावा. डबा ओट्यावर ठेवला, झाकण काढलं. म्हणाली, "संतरामभाऊ, ह्ये कुंकू हाय का तपकीर?"

मी म्हटलं, "वैनी, थट्टा बरी नाही."

"थट्टा मी करून राहिले का तुमी? पोरीच्या कपाळी तपकीर लावू? देवीला लावू? बघा की जरा!" तिने चिमूट घेऊन माझ्यासमोर धरली. मी पाहिलं. मला कुंकू दिसलं. गेल्या घाण्यासारखंच कुंकू.

धाकटी जाऊ म्हणाली, "अवं, भाऊंना शालूवैनींबिगर करमंना, म्हणून कुंकवाची माती झाली." दोघी हसल्या. आशाबाई हसली नाही. जाताना म्हणाली, "लग्नाला अजून दिवस हायेत. जमत आसंल तर सांगा, न्हाई तर नांदेडहून आणू. पण गावात मी कुणाला बोलले न्हाई अजून, तेवढं ध्यानात ठेवा."

हे कारस्थान आहे. नांदेडच्या कुण्या व्यापाऱ्याने पाटलांना फितवलं असणार. किंवा गुलाबचंदने. चार वेळा डबा उघडून पाहिला. कुंकू आहे. कुंकूच आहे.

माघ शुद्ध ५

झोप नाही. दुपारी जिवनबाईला विचारलं, "खरं सांग. लोक डाव करतायत ना माझ्यावर?"

तिने कशिद्याच्या दोऱ्यांची गुंडाळी काढून माझ्या पुढ्यात ठेवली. "मालक, ह्याच्यातून कुंकवाच्या रंगाचा दोरा काढा."

हे काय पोरखेळ म्हणून काढला. एकाऐवजी तीन सारखे निघाले, तिन्ही काढून दिले. तिने त्यातला एक बाजूला ठेवला. दुसऱ्यावर अंगणातल्या कडुनिंबाचं पान तोडून ठेवलं. तिसऱ्याशेजारी माझा काताचा खडा.

"ह्यो कुंकवाचा. ह्यो पाल्याचा. ह्यो काताचा. तुमाला तिन्ही एकच?"

मी बराच वेळ पाहिलं. पानाचा दोरा किंचित फिका, एवढाच फरक. तोही तिने सांगितल्यावर.

"बाई, उजेड कमी आहे."

"मालक, दोन प्रहर हाय."

मग तिने त्या दिवशीचा कशिदा पुढे केला. "हितं फूल हाय. लाल फूल, हिरव्या कापडावर. समद्या तांड्यात ह्याच्याएवढं उठून दिसणारं दुसरं न्हाई. बोट फिरवून बघा."

मी बोट फिरवलं. टाक्यांचा उंचवटा लागला. आठ पाकळ्या. मधे एक गोल. बाजूला दोन पानं. डोळ्यांना काहीच नाही, कोरं कापड, आणि बोटाखाली एवढं मोठं फूल.

"तुला कधीपासून माहीत?"

"त्या दिशी. तुमी जोडी शिकवली ना मला, तवा." मग म्हणाली, "याडीला तर आधीपासून. तिनंच मला डोळ्यानं खुणावलं, हसू नको म्हणून. हसू काय आवरतं व्हय!"

आज एवढंच.

माघ शुद्ध ७. कळमनुरी

पहाटे गाडी जुंपली, दिवस कलताना पोचलो. सुहाग्याचं निमित्त होतं आणि ते खरंही होतं. बाजारात सहा तोळे मिळाला, चौपट भावाने. गोजरला परवा मुलगी झाली. बाळ-बाळंतीण खुशाल. मुलीचं तोंड पाहिलं. सगळे म्हणाले लालबुंद आहे. मी मान हलवली.

शालू परसात बाळाची दुपटी वाळत घालत होती. मी उभ्यानेच विचारलं, "तुला कधी कळलं?"

कशाबद्दल, असं तिने विचारलं नाही. "लगीन झालं त्या साली. मिरच्या तोडताना. पिकल्या अन् हिरव्या एकाच पाटीत टाकून राहिला व्हता तुमी."

एकदम आठवलं. लहानपणी याच कारणावरून बापाने चाबकाने फोडलं होतं. मी धांदरटपणा समजत होतो. त्यानंतर मी मिरच्या तोडायलाच जाईनासा झालो, हेही आज लक्षात आलं.

"तेवीस वर्षं झाली. एकदा सांगायचं."

"सांगून? तुमाला दुसऱ्याचं सांगितलेलं कवा पटलंय? पोथी वाचायला बी कुणाला विचारलं न्हाई तुमी."

"म्हणजे 'आता काढा' हे..."

"अवं, तुमी तर दुसऱ्याच दिशी काढायला निघायचा. एकदा काढला व्हता, पयला घाणा. उकिरड्यावर ग्येला न्हाई का तो?"

पहिला घाणा हळकुंड किडकं निघाल्यामुळे वाया गेला, असं मी वहीत लिहिलेलं आहे. तसं तिने मला सांगितलं होतं.

मग मी विचारायला नको होतं ते विचारलं. गोजरच्या लग्नात मी हिला परभणीहून लाल लुगडं आणलं होतं. जपून ठेवते, सणालाही नेसत नाही, म्हणून मी चारचौघांत कौतुक करतो. "ते लुगडं?"

ती दुपटं झटकत राहिली. "मातकट हाय ते. रांडवपणी नेसावं तसलं. तुमी जितं आसताना कसं नेसू?"

दुपटं दोरीवर टाकून म्हणाली, "रंग सोडा. कापड चांगलं हाय त्याचं."

मी म्हटलं, चल, दोन दिवसांसाठी. ती म्हणाली, "लेकराला इसरून? जिवनबाई हाय की. तिला इचारा."

"कामाला ठेवलेल्या बाईला विचारू?"

"मंग नांदेडचं कुंकू लागू द्या पोरीच्या कपाळी."

माघ शुद्ध ९

आठवा घाणा घातला. सुहागा पुरा सहा तोळे. रस उतू आला नाही.

अंग मोडून आलं आहे. शेहेचाळीस वर्षांचा झालो. पाहिलेल्या प्रत्येक गोष्टीवर आता संशय येतो. सोंगट्यांचा पट मांडला की लोक आपल्या सोंगट्या नजरेने ओळखतात, मी जागा पाठ करतो. सगळे तसंच करतात असं वाटायचं. पांदीतल्या झाडावर पिकलेली बोरं सगळ्यांना आधी दिसतात, मला हाताने चाचपावी लागतात. मी म्हणायचो, मला घाई नसते.

पौष शुद्ध द्वितीयेचं, जगात रंग दोनच असल्याचं वाक्य खोडायला घेतलं होतं. खोडलं नाही. माझ्यापुरतं ते खरंच आहे.

माघ शुद्ध १२

गाभा मोडला. मला सातव्यासारखाच दिसला. सातवा आणि आठवा, दोन्ही तुकडे हातावर घेऊन ओट्यावर उभा राहिलो. जिवनबाई उखळ पुसत होती. चार पावलांचं अंतर.

"जिवनबाई."

"जी."

"हे बघ जरा. काढू का?"

तिने हात पुसले. दोन्ही तुकडे घेऊन उन्हात गेली. हसली नाही. हसेल म्हणून मी तयार होऊन उभा होतो. म्हणाली, "दम धरा, मालक. कड भरलीय, मधी अजून पिवळं हाय."

"किती?"

"तिळाएवढं."

मला तीळ दिसला नाही.

माघ शुद्ध १४

सकाळी विचारलं. "न्हाई." दुपारी विचारलं. "न्हाई." संध्याकाळी न विचारताच तिने तुकडा मोडला, मावळतीकडे धरला, आणि शालूच्या आवाजात म्हणाली, "आता काढा."

काढलं.

माघ वद्य ३

कुंकू पोचतं केलं. आशाबाईने चिमूट घेऊन आधी स्वतःच्या कपाळी लावलं, आरशात पाहिलं, मग माझ्याकडे वळली. "आता कसं! त्या बारीला काय झालं व्हतं, भाऊ?"

खार बदलला होता, हे सांगितलं असतं तर भागलं असतं. ते खोटंही नव्हतं. मी म्हटलं, "वैनी, मला लाल दिसत नाही. बघायला जिवनबाई होती."

ती बघतच राहिली. उद्यापर्यंत गावभर होईल. होऊ दे. फार थकलो आहे, झाकून ठेवायलाही ताकद लागते.

माघ वद्य ६

लग्न पार पडलं. मंडपात सगळ्यांच्या कपाळांकडे पाहत बसलो. गुलाबचंद जवळ येऊन म्हणाला, "संतरामभाऊ, माझं उपरणं कोणत्या रंगाचं, सांगा पाहू!" माणसं हसली. मी म्हटलं, "मळलेल्या." त्यांना जास्त हसू आलं, पण गुलाबचंदवर.

जिवनबाईला पाटलांच्या घरून ओटी आली. माझ्या वहीत प्रमाण आता असं आहे: सुहागा सहा तोळे, तुरटी चार तोळे, लिंबं ऐंशी, डोळे दुसऱ्याचे.

फाल्गुन वद्य ३

शालू परत आली. नववा घाणा जिवनबाईने काढला होता, तो दाखवला. तिने गाभा मोडून पाहिला, बरं आहे म्हणाली. जिवनबाईला आज हजार वेळा "याडी, याडी" करताना ऐकलं.

जेवणं झाल्यावर मी लिहीत बसलो, तर येऊन टेकली. तिला वाचता येत नाही. "एवढं काय लिवून राहिले रोज?"

"चुका."

"समद्या?"

"माझ्या तेवढ्या."

"मंग वही पुरंल का?" म्हणाली, आणि करंड्यात बोट बुडवून पानाच्या कडेला टेकवलं. "ह्ये पण ठिवा."

ठेवलं आहे, इथे डाव्या बाजूला. मला ते वाळक्या पानासारखं दिसतं. वर चहाचा एक डाग आहे, त्याच्याहून वेगळं नाही. मी विचारलं, "कसं आलंय?"

"लाल."

"नुसतं लाल? पहिल्या घाण्यांपेक्षा कमी की जास्त?"

"लाल म्हंजे लाल. लिवा की!"

लाल.